समुद्रसफर आणि सात किलोंची पिशवी

पांढुर्णा-सौंसरकडच्या शिक्षिकेने जहाजावर न्यावयाच्या सामानाविषयी बोलावे, याचे आपणांस प्रथम हसूच येईल. आमच्या भागात संत्र्यांच्या बागा आहेत, कापसाची शेते आहेत. समुद्र मात्र नाही. पांढुर्ण्याहून नागपूर गाठावे तर शंभरएक किलोमीटर, आणि नागपूरहून मुंबई लोहमार्गाने आणखी आठशेंहून अधिक. आमच्या लहानपणी समुद्र ही भूगोलाच्या नकाशात निळ्या रंगाने दाखवण्याची वस्तू होती. परंतु दिवस पालटले आहेत. २०१८ मध्ये मुंबई-गोवा मार्गावर ‘आंग्रिया’ नावाचे प्रवासी जहाज धावू लागले. ती फेरी पुढे बंद पडली. पण २०२१ पासून मुंबईहून गोवा, लक्षद्वीप अशा सफरी करणारी मोठी जहाजेही निघू लागली. पोळा आणि गोटमार आटोपली, पावसाळा सरला, की आता आमच्या गावातलीही दोन-चार कुटुंबे अशा सफरीची चौकशी करताना दिसतात. निवृत्त झालेले गुरुजी, लेकाच्या पहिल्या पगारावर निघालेले आईवडील, बागेचे पैसे हाती आलेला शेतकरी, अशी ही साधी माणसे असतात. त्यांचा पहिला प्रश्न भाड्याचा असतो आणि दुसरा हमखास हा, की “सामान काय काय न्यावे?”

या दुसऱ्या प्रश्नाचेच उत्तर आज देण्याचा माझा विचार आहे. ते थोडक्यात सांगावयाचे तर असे: जी एक पिशवी आपण स्वतः उचलू शकतो आणि जी प्रवासभर आपल्या हातून सुटत नाही, तेवढेच सामान न्यावे. हे मत मी पुस्तकातून उचललेले नाही. ते मला एका रात्रीने शिकवले. ती हकीकत आधी सांगते.

दोन वर्षांपूर्वी नाताळ घरी करून आम्ही चौघे समुद्रसफरीला निघालो. माझी आई, माझी थोरली बहीण, भावजी आणि मी. आईचे वय तेव्हा एकाहत्तर. तिला पुष्कळ वर्षांपासून मधुमेह आहे आणि सकाळ-संध्याकाळ जेवणापूर्वी इन्सुलिन टोचून घ्यावे लागते. चौघांचे मिळून सात नग झाले होते. त्यांत एक चाकांची मोठी बॅग होती. ताईने तीत आईच्या साड्या, शाली, चिवड्याचा डबा, एक इस्त्री आणि अगदी मधोमध, धक्का लागू नये म्हणून नव्या साडीच्या घडीत गुंडाळून, इन्सुलिनची डबी ठेवली होती. हेतू चांगला होता. मौल्यवान वस्तू पेटीच्या तळाशी ठेवावी, ही आपल्या घराघरांतली शिकवणच आहे.

नागपूरहून रात्रीच्या गाडीने निघून आम्ही सकाळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर उतरलो. तेथून बॅलार्ड पियरचा धक्का जवळच आहे. पण सात नग घेऊन जवळचे अंतरही लांब होते. धक्क्यावर पोहोचताच काही माणसे पुढे आली, त्यांनी आमच्या मोठ्या बॅगांना खोलीच्या क्रमांकाच्या चिठ्ठ्या बांधल्या आणि त्या उचलून नेल्या. “सामान खोलीत येईल,” असे सांगितले. आम्हांला कोण आनंद झाला! हात मोकळे झाले. आम्ही वर गेलो, जेवलो, कठड्याशी उभे राहून मुंबईचा किनारा मागे सरताना पाहिला. आईने जन्मात पहिल्यांदा चहूकडे पाणी पाहिले आणि ती बराच वेळ काही बोलली नाही.

संध्याकाळी सात वाजता इन्सुलिनची आठवण झाली. खोलीबाहेर पाहिले तर आमच्या दोन बॅगा आलेल्या होत्या; ती मोठी बॅग नव्हती. आठ वाजले, साडेआठ झाले. भावजी वरच्या-खालच्या मजल्यांवरच्या लांबलचक बोळांतून दारोदार बॅगा पाहत फिरू लागले. आई जेवणावाचून खोलीत बसून राहिली. शेवटी आम्ही तिला जहाजावरच्या डॉक्टरांकडे नेले. त्यांनी रक्तातील साखर तपासली. ती बरीच चढलेली होती. त्यांनी आवश्यक ते उपचार केले, म्हणून निभावले. बॅग साडेनऊच्या सुमारास सापडली. आतली इस्त्री यंत्राच्या तपासणीत दिसल्यामुळे ती बाजूला काढून ठेवण्यात आली होती. इस्त्रीने इन्सुलिन अडवले होते! मी आणि ताई एकमेकींकडे पाहत राहिलो. आई मात्र शांतपणे एवढेच म्हणाली, “जे आपल्याले उचलत नाही, ते नेऊच नये माय.”

यात कोणा जहाजवाल्याचा दोष काढण्याचा माझा हेतू नाही. थोडा विचार केला तर उशीर का होतो हे सहज ध्यानी येते. मोठ्या जहाजावर हजार-दोन हजार प्रवासी दोन-चार तासांच्या अवधीत चढतात. प्रत्येकाच्या दोन बॅगा धरल्या तरी हजारो नग होतात. त्यांतील प्रत्येक नग यंत्राखालून काढावयाचा, संशय आल्यास बाजूला ठेवावयाचा, मजल्यांप्रमाणे निवडावयाचा आणि मग नोकरमंडळींनी तो हाताने एकेका दारापर्यंत पोहोचवावयाचा. दुपारी दिलेली बॅग रात्री मिळणे ही म्हणूनच नवलाची गोष्ट नव्हे. चूक आमची होती. जिच्यावाचून एक रात्रही निघत नाही ती वस्तू आम्ही हातावेगळी केली होती, आणि तीही अशा वस्तूंच्या गर्दीत की ज्यांच्यावाचून सबंध सफर सुखाने पार पडली असती.

आता कोणी विचारील, की पूर्वीचे लोक जहाजाने जाताना पेट्यांवर पेट्या नेत असत, त्याचे काय? ते खरे आहे आणि त्यांना ते आवश्यकही होते. आनंदीबाई जोशी एप्रिल १८८३ मध्ये कलकत्त्याहून निघाल्या आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला पोहोचल्या. जवळजवळ दोन महिन्यांचा प्रवास, पुढे परदेशात काही वर्षांचे वास्तव्य, आणि नऊवारी लुगडे तेथे कोणत्याही दुकानात मिळणे अशक्य. अशा वेळी संसारच बरोबर न्यावा लागे. त्या काळच्या जहाजांवर सामानाची रीतही ठरलेली होती. काही पेट्यांवर ‘प्रवासात नको’ अशा अर्थाची चिठ्ठी लागे. त्या थेट जहाजाच्या पोटात जात. काहींवर ‘प्रवासात हवी’ अशी चिठ्ठी असे. त्या अधूनमधून काढता येत. आणि तिसरी खोलीतील पेटी. ती बिछान्याखाली सरकावी म्हणून मुद्दाम बुटकी, सुमारे चौदा इंच उंचीची करीत. म्हणजे पेट्यांच्या त्या सुकाळातही ‘हाताशी काय हवे आणि काय नको’ हा विवेक प्रवाशाला करावाच लागे. आम्ही बॅगा भरताना नेमका तोच केला नाही.

आणि त्या काळीही सामान कमी करणारे लोक होते. गोलमेज परिषदेसाठी महात्मा गांधी २९ ऑगस्ट १९३१ रोजी मुंबईहून ‘राजपुताना’ या आगबोटीने निघाले. जाण्याचे अगदी आयत्या वेळी ठरले होते. सिमल्याहून खास गाडीने धावपळ करीत त्यांना मुंबई गाठावी लागली होती. बरोबर महादेवभाई देसाई, प्यारेलाल, मीराबेन, देवदास ही मंडळी होती आणि घाईघाईत सामान बरेच जमले होते. बोट समुद्रात लागल्यावर गांधीजींची दृष्टी त्या पेट्यांवर गेली. एवढे सामान कशासाठी, म्हणून त्यांनी सोबत्यांची चांगलीच हजेरी घेतली. आणि एडन बंदर येताच सात पेट्या-बॅगा मुंबईला परत रवाना झाल्या. ज्या माणसाला इंग्लंडच्या थंडीत, राजवाड्यापर्यंत जावयाचे होते, त्याला त्या सात नगांवाचून काही अडले नाही. आपण तर दोन-तीन रात्रींसाठी गोव्यापर्यंत जाऊन परत येणार!

सामान किती न्यावे, याचा हिशेब आपण बहुधा ‘किती नेऊ देतात’ यावरून करतो. ही पहिली चूक होय. रेल्वे शयनयानाच्या प्रवाशाला ४० किलो सामान विनामूल्य नेऊ देते. विमानात हाताशी ठेवावयाच्या पिशवीला देशांतर्गत प्रवासात साधारणतः ७ किलोंची मर्यादा असते. जहाजावर तर पुष्कळदा याहून कितीतरी उदार नियम असतात. मुभा आणि गरज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चाळीस किलोंची मुभा आहे म्हणून चाळीस किलो उचलण्याचे बळ अंगी येत नाही.

शाळेत आम्हांला या प्रश्नाचा वेगळ्या रूपाने परिचय आहे. मुलांच्या दप्तराच्या ओझ्याविषयी यशपाल समितीने १९९३ मध्ये आपला अहवाल दिला. पुढे २०२० च्या दप्तरविषयक धोरणात असे सांगितले गेले, की दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून अधिक नसावे. मुलांच्या पाठीसाठी केलेला हा नियम मोठ्यांनीही प्रवासात पाळून पाहण्याजोगा आहे. साठ-सत्तर किलोंच्या माणसाच्या वाट्याला त्या हिशेबाने सहा-सात किलो येतात. विमानवाल्यांची मर्यादाही नेमकी तेवढीच आहे. आईचे वजन पन्नासच्या आत. तिची पिशवी चार-पाच किलोंच्या वर जाता कामा नये. वयोवृद्ध माणसाच्या बाबतीत तर त्याहूनही कमी बरी.

समुद्रसफरीत कमी सामानावर भागते, याची कारणे त्या सफरीच्या स्वरूपातच आहेत. तीर्थयात्रेला किंवा लग्नाला निघालो तर आपल्याला अंथरूण-पांघरूण, तांब्या-भांडे, फराळ हे सगळे घ्यावे लागे. जहाजावर बिछाना, पांघरूण, टॉवेल, साबण खोलीत असतात. जेवणखाण तिकिटातच धरलेले असते, आणि बहुतेक जहाजांवर बाहेरचे खाद्य आत नेण्यास मनाईही असते. खोली एकच; रोज मुक्काम बदलावयाचा नसतो. उलट खोली इतकी आटोपशीर असते, की दोन मोठ्या बॅगा उघडून ठेवल्या तर पाय टाकावयास जागा उरत नाही. आमच्या छिंदवाडा-नागपूर मार्गावर पूर्वी छोटी लाईन होती. २०१५ मध्ये ती रुंदीकरणासाठी बंद झाली. तिच्या चिमुकल्या डब्यात ज्यांनी मांडीवर गाठोडे घेऊन प्रवास केला आहे, त्यांना ही अडचण वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

हवामानाचाही विचार करावा. पौष महिन्यात आमच्याकडे पहाटे दात वाजतात. साहजिकच स्वेटर, कानटोप्या, रजया यांनीच अर्धी बॅग भरते. परंतु मुंबई-गोव्याच्या किनाऱ्यावर तेव्हाही उबदारच असते, कारण समुद्र जमिनीप्रमाणे चटकन तापत नाही तसा चटकन निवतही नाही. घरून रेल्वेपर्यंत लागणारा स्वेटर अंगावर घालूनच निघावे, आणि जहाजाच्या वरच्या मजल्यावरील वाऱ्यासाठी व आतील वातानुकूलित हवेसाठी एक शाल घ्यावी. याहून अधिक लोकर नको.

कपडे निवडताना एक गोष्ट आपल्याकडील अनुभवाच्या उलट आहे. विदर्भाच्या कोरड्या हवेत सुती साडी तासाभरात वाळते. वैशाखात तर दुसरी पिळून येईपर्यंत पहिली खडखडीत होते. समुद्रावर तसे होत नाही. तेथील हवेत आधीच पुष्कळ बाष्प असल्यामुळे ती कपड्यातील पाणी सावकाश शोषते. शिवाय सुताचा तंतू पाणी आपल्या पोटात धरतो, तर पॉलिस्टरसारख्या कृत्रिम धाग्यात ते बहुतांशी धाग्यांच्या मधल्या जागेतच राहते. म्हणून रात्री धुऊन सकाळी घालावयाचे कपडे मिश्र धाग्याचे असावेत. धुतलेला कपडा टॉवेलमध्ये गुंडाळून, पिळून, स्नानगृहात वाळत घालावा; पुष्कळ जहाजांच्या स्नानगृहात त्यासाठी ओढून लावण्याची एक बारीक दोरीही असते. कठड्यावर किंवा सज्जात कपडे वाळत घालू नयेत. ते वाऱ्याने समुद्रार्पण होतात आणि नियमाविरुद्धही आहे. एवढे जमले की तीन दिवसांना तीन आणि दहा दिवसांनाही तीनच जोड पुरतात.

आता प्रत्यक्ष पिशवी भरू या. स्वयंपाकघरातला वजनकाटा जवळ घ्यावा. चाकांची कडक बॅग रिकामीच अडीच-तीन किलोंची असते. म्हणजे सातांपैकी जवळजवळ निम्मे वजन पेटीचेच झाले. त्यापेक्षा मजबूत कापडी पिशवी एक-सव्वा किलोत मिळते. तीत दोन जोड कपडे घालावे, ते सव्वा किलो. तिसरा जोड अंगावर असतोच. एका संध्याकाळी जहाजावर नटूनथटून जेवावयास जाण्याची पद्धत असते, तिच्यासाठी एक हलकी रेशमी साडी, पाऊण किलोच्या आतली. दोन संध्याकाळी नेसावयाची झाली तर दोन साड्या नेण्याचे कारण नाही. एक साडी आणि दोन पोलकी न्यावीत. रात्रीचे कपडे चारशे ग्रॅम, आतले कपडे तेवढेच, शाल तीनशे. एक हलकी चप्पल चारशे ग्रॅम. जड पादत्राणे पायातच असावीत, आणि त्यांचा तळ निसरडा नसावा, कारण जहाजाचे मजले पुष्कळदा ओले असतात. तेल, दंतमंजन, कंगवा वगैरे अर्धा किलो. विमानाने परदेशी जावयाचे असेल तर तेलासारखे पातळ पदार्थ शंभर मिलिलिटरपर्यंतच्या लहान बाटल्यांत आणि सगळे मिळून एक लिटरच्या पारदर्शक पिशवीत ठेवावे लागतात. औषधे आणि कागदपत्रे सहाशे ग्रॅम. चष्मा, फोनचा चार्जर, बॅटरी मिळून चारशे. उन्हाची टोपी आणि घडीची नायलॉनची रिकामी पिशवी दोनशे. या सर्वांची बेरीज साडेसहा किलोंच्या आत राहते. उरलेला अर्धा किलो मुद्दाम रिकामा ठेवावा. गोव्याहून येताना काजू आणावयाचे असतातच.

या यादीतील औषधे आणि कागदपत्रे यांविषयी दोन शब्द अधिक सांगितले पाहिजेत. औषधे जितक्या दिवसांची लागतील त्याहून दोन-तीन दिवसांची जास्त घ्यावीत आणि डॉक्टरांची चिठ्ठी सोबत ठेवावी. न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंश तापमानात ठेवावे लागते. वापरात असलेली कुपी बेताच्या उष्णतेत साधारण चार आठवडे टिकते. मात्र इन्सुलिन गोठता कामा नये. गोठलेले इन्सुलिन निकामी होते. म्हणून बर्फाला चिकटवून ठेवू नये आणि विमानाच्या पोटात जाणाऱ्या सामानात तर मुळीच टाकू नये. बोट लागण्याची भीती असेल त्यांनी त्यावरची गोळी डॉक्टरांना विचारून आधीच घ्यावी. मळमळ सुरू झाल्यावर घेतलेली गोळी फारशी उपयोगी पडत नाही. ओळखपत्र, तिकीट आणि थोडे रोख पैसे अंगावरच्या लहान पिशवीत असावेत. फोनसाठी वेगळी बॅटरी, जिला पॉवर बँक म्हणतात, ती विमानप्रवासात हातातल्या पिशवीतच ठेवावी लागते. पोटात जाणाऱ्या सामानात तिला मनाई आहे. जहाजावरील विजेची खुंटी आपल्या घरच्यासारखी असेलच असे नाही. दोन बारीक गोल पायांचा चार्जर बहुधा चालतो, तीन जाड पायांचा सहसा चालत नाही.

काय नेऊ नये, हेही तितकेच महत्त्वाचे. इस्त्री, पाणी तापवण्याची किटली, विजेची शेगडी, चाकू, विळी, काडेपेटी, मेणबत्ती, उदबत्ती यांपैकी काहीही जहाजावर चालत नाही. देवापुढे ज्योत लावण्याची आपली सवय पुष्कळ घरांत आहे, आणि तेवढ्या ज्योतीने काय होणार असे वाटते. परंतु भर समुद्रात आग लागली तर बाहेरून बंब येत नाही; जहाजावरच्या माणसांनाच ती विझवावी लागते आणि प्रवाशांना पळावयास जमीन नसते. म्हणून हा नियम कडक आहे आणि तो असाच असावा. प्रार्थनेला जपमाळ पुरते. तिचे वजन काट्यावर दिसतही नाही.

आमच्या भागातील माणसाला आणखी एक मोह असतो, तो संत्र्यांचा. कोणाकडे जावयाचे म्हटले की पाच-दहा किलो संत्री बांधलीच. तो मोह मी मोडण्यास सांगणार नाही. गाडीत खावयाला आणि मुंबईतल्या नातेवाइकाला द्यावयाला संत्री जरूर न्यावीत. ते वाटेत संपणारे ओझे आहे. मात्र जहाजाच्या जिन्यापाशी पोहोचताना त्यांतील एकही उरलेले नसावे.

इतके सांगूनही पिशवी भरताना हात थांबत नाही, याचे कारण मनात आहे. घरातील वस्तू समोर मांडल्या की त्यांचे तीन वाटे पडतात. पहिला, जिच्यावाचून जीव अडेल अशा वस्तूंचा. दुसरा, रोज लागणाऱ्या वस्तूंचा. आणि तिसरा, ‘लागले तर’ म्हणून घेतलेल्या वस्तूंचा. पहिले दोन वाटे लहानच असतात. बॅग फुगते ती तिसऱ्याने. पाऊस आला तर, कोणी जेवावयास बोलावले तर, साडीवर डाग पडला तर, लोक काय म्हणतील तर! या प्रत्येक ‘तर’ला आपण एकेक वस्तू बांधून घेतो. वस्तुतः अशा दहा शंकांपैकी एखादीच खरी होते, आणि ती खरी झाली तर दोनशे रुपयांत तिचा बंदोबस्त होतो. भीती आणि भिडस्तपणा यांचे ओझे आपण पाठीवर वाहतो. पुष्कळदा आपणही वाहत नाही. ते भावजींच्या खांद्यावर, हमालाच्या डोक्यावर आणि बोळातून बॅगा ओढणाऱ्या एखाद्या कोवळ्या मुलाच्या हातांवर जाऊन पडते.

हातातल्या पिशवीचे फळ सफरीच्या शेवटी विशेष दिसते. मोठ्या बॅगा असणाऱ्यांना त्या आदल्या रात्रीच बांधून खोलीच्या दाराबाहेर ठेवाव्या लागतात आणि सकाळी धक्क्यावरील ढिगातून शोधाव्या लागतात. आपले सामान आपण नेणारा माणूस सकाळी उठून, चहा घेऊन, पिशवी खांद्याला लावून सरळ उतरतो. काही ठिकाणी जहाज धक्क्याला लागत नाही. लक्षद्वीपच्या बेटांपाशी ते खोल पाण्यात उभे राहते आणि लहान होडीत उतरावे लागते. पूर्वी कोकणच्या किनाऱ्यावर आगबोटीतून पडावात उतरणाऱ्यांना ही कसरत चांगली ठाऊक होती. हलत्या होडीत पाय टाकताना दोन्ही हात मोकळे असणे ही सोयीची बाब नसून सुरक्षिततेची बाब आहे.

माझी एक सूचना आहे. निघण्याच्या आदल्या दिवशी भरलेली पिशवी खांद्याला लावून पांढुर्णा स्थानकाचा पूल एकदा चढावा आणि उतरावा. सौंसरकरांनी घरापासून बसथांब्यापर्यंत चालत जावे. वाटेत पिशवी खाली ठेवावीशी वाटली तर घरी येऊन तीतील एक वस्तू काढावी आणि पुन्हा चालून पाहावे. कोणत्याही यादीपेक्षा ही परीक्षा खरी आहे, आणि ती घरातील प्रत्येकाने स्वतंत्रपणे द्यावी. दुसऱ्याच्या खांद्यावर उत्तीर्ण होता येत नाही.

गेल्या हिवाळ्यात आम्ही पुन्हा गेलो. या वेळी चौघांचे चारच नग होते. आईने आपली पिशवी आपणच भरली. काट्यावर ती चार किलो तीनशे ग्रॅम भरली. इन्सुलिनची डबी सर्वांत वर, हात घालताच लागेल अशी. धक्क्यावर एक मुलगा पुढे होऊन म्हणाला, “आजी, द्या ती पिशवी.” आईने त्याच्या पाठीवरून हात फिरवला, “राहू दे बाबा,” म्हणाली आणि पिशवी खांद्यावर नीट करून जिना चढू लागली. त्या संध्याकाळी सात वाजता तिने इन्सुलिन घेतले, वेळेवर जेवली आणि जेवण झाल्यावर पाणी पाहावयास पुन्हा वर गेली.